तिसऱ्या वळणापलीकडचा बिबट्या

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा.

नवी वही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

मी तात्याराव. वय सत्तेचाळीस. सेलूच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर एकोणीस वर्षं. ट्रक यायचा, काट्यावर उभा राहायचा, मी आकडा लिहायचो. मला कधी ट्रककडे जावं लागलं नाही. मागच्या महिन्यात शाल-नारळ घेऊन बाहेर पडलो. निरोपाच्या भाषणात म्हणालो, आता आयुष्यात थोडं अ‍ॅडव्हेंचर. टाळ्या झाल्या.

सध्याचा हुद्दा: चीफ राईड गाईड, रुद्रशिखर हिल रिसॉर्ट, येलदरी धरणाच्या वर. मालक माझा मेहुणा महारुद्र. शिखर म्हणजे टेकडीच आहे, पण बोर्ड मोठा आहे. चार क्वाड बाइक आहेत. गावात त्यांना चारचाकी फटफटी म्हणतात. पाहुण्यांनी त्या चालवायच्या आणि मी पुढे राहून त्यांना माथ्यापर्यंत नेऊन आणायचं.

पात्रता: मनालीचा अनुभव. (२०१९. सात मिनिटं. चालवणारा पुढे होता, मी मागे. डोळे उन्हामुळे मिटलेले होते.)

महारुद्र म्हणाला, दाजी, ३१ तारखेपर्यंत बघू. पाहुणे माथ्यावर न्यायला लागलात तर तुमी कायमचे गाईड. न्हाई तर मग सिद्धोधनला देतो. सिद्धोधन आमचा मेकॅनिक. पोरगा चांगला आहे, पण अनुभव कमी.

आज गाड्यांची पूजा. झेंडूचे हार, हळदकुंकू, प्रत्येक चाकाखाली लिंबू. सोळा लिंबं. माझी बायको रुख्मिणी रिसॉर्टचं स्वयंपाकघर बघते, ती म्हणाली, भाजीला एक लिंबू ठेवलं न्हाई तुमी. लिंबावरून गाडी पुढे घ्यायची असते. सिद्धोधन दीक्षाभूमीला गेलेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बसलो. स्टार्ट केली. गाडी चार लिंबांवरून गेली आणि न थांबता तुळशीवृंदावनापर्यंत गेली. तुळस सुखरूप आहे. बाकी तीन गाड्या चार जणांकडून ढकलून घेतल्या. पेट्रोलची बचत.

४ ऑक्टोबर, शनिवार.

सिद्धोधन परत आला. ट्रेनिंग. तो म्हणाला, सर, अंगठा दाबला की पळती, सोडला की थांबती, एवढंच हाय. मला हे माहीत होतं. फक्त अंगठा सुटत नव्हता.

रस्ता पाहून आलो. पायी. पहिलं वळण आंब्यापाशी, सोपं. दुसरं पाण्याच्या टाकीपाशी, सोपं. तिसरं वळण. तिथे सप्टेंबरच्या पावसात कड ढासळली आहे. डाव्या हाताला दरड, उजव्या हाताला काहीच नाही. म्हणजे आहे, पण खूप खाली. धरणाचं पाणी. सिद्धोधन गाडी घेऊन तिथून दोनदा गेला आणि दोनदा आला. म्हणाला, सात फूट रस्ता हाय, गाडी चार फूट. मी हिशेब केला. तीन फूट उरतात. तीन फुटांत एक माणूस आरामात पडू शकतो.

मला काही वाटलं नाही. तळहात ओले झाले, ते ग्लोव्हजमुळे. (ग्लोव्हज घातले नव्हते. उद्यापासून घालायचे.)

संकल्प: रोज सकाळी दहा मिनिटं गाडीवर बसायचं. इंजिन बंद. आधी मैत्री, मग वेग.

५ ऑक्टोबर. सकाळी ७.

बसलो. दहा मिनिटं. कुठेही तोल गेला नाही.

७ ऑक्टोबर.

आज किल्ली लावली. फिरवली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार.

फिरवली. आवाज फार मोठा आहे. सायलेन्सरबद्दल सिद्धोधनशी बोलायला हवं. पाहुण्यांच्या कानाचा प्रश्न आहे. दुपारी पोटात गोळा. काल वांग्याची भाजी होती. अ‍ॅसिडिटी.

११ ऑक्टोबर, शनिवार.

पहिली राईड! परभणीहून एक प्राध्यापक, त्यांची बायको आणि कॉलेजातली मुलगी. मी पुढे, मागे तीन गाड्या. सेफ्टीवर वीस मिनिटं भाषण दिलं. मुलीने दोनदा जांभई दिली. तरुण पिढीला सेफ्टीचं काही नाही.

निघालो. वेग मुद्दाम कमी. इतका नियंत्रित वेग ठेवणं सोपं नसतं. टाकीपाशी खालच्या वाडीतल्या कस्तुराबाईची एक शेळी आम्हाला ओव्हरटेक करून गेली. मी हॉर्न दिला नाही. रस्त्यावर शिस्त हवी.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे हात वर केला. सगळे थांबले. मी उतरलो, धरणाकडे पाठ करून धरणाची माहिती सांगितली. वीज कुठे होते, मासे कुठले मिळतात. पाच मिनिटं झाली. प्राध्यापकांची बायको म्हणाली, अहो, पण माथा तर पुढे आहे ना, जाऊ की.

मी वळणाकडे पाहिलं.   सगळे माझ्याकडे बघायलेत. आणि तोंडातून आपोआप निघालं, पुढे बिबट्या आहे.

काय परिणाम झाला! प्राध्यापकांनी गाडी स्वतःच वळवली. उतरताना बाईंनी रामरक्षा म्हटली. खाली आल्यावर प्राध्यापकांनी माझा हात दोन्ही हातात धरला आणि म्हणाले, तुमच्यासारखे जबाबदार गाईड आता राहिले नाहीत. मला बरं वाटलं.

१२ ऑक्टोबर.

रात्री नीट झोप नाही. विचार केला. हे खोटं बोलणं नाही. मी 'आहे' म्हणालो, 'पाहिला' म्हणालो नाही. महाराष्ट्रात बिबटे आहेत. टेकडी महाराष्ट्रात आहे. शक्यता व्यक्त करणं हे गाईडचं काम.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

प्राध्यापकांच्या मुलीने रील टाकलं. मी हात वर करून उभा. खाली अक्षरं, 'मृत्यूच्या दारात'. मागे ढोल. महारुद्र मोबाइल घेऊन पळत आला. मला वाटलं, आता बोलणी खाणार. त्याने मिठीच मारली. दाजी, काय डोकं लावलंत! दिवाळीपर्यंत फुल्ल. नांदेड, हिंगोली, परभणी, सगळीकडून फोन यायलेत. लोकांना क्वाड बाइक नको, बिबट्या पाह्यजे.

पेंटर येऊन गेला. आता बोर्डावर बिबट्या आहे. जिभेचा रंग जरा जास्त झालाय.

 रुख्मिणी भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, तुमी पाहिलात का हो? मी म्हणालो, गाईडने सगळंच पाहायचं नसतं. ती परत थापायला लागली.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

एका दिवसात सहा राईड. सहा वेळा तिसऱ्या वळणाच्या अलीकडे हात वर. आता आवाजही जमतो. श्श. सगळे गप्प होतात. सेल्फी काढतात. पटकन परततात. अत्यंत सुरक्षित व्यवसाय. मला वाटतं मी जन्मजात गाईड आहे. एकोणीस वर्षं वाया गेली.

एक नोंद: टेकडीवरची सीताफळं पिकलीत. दरवर्षी खालच्या वाडीतल्या सात-आठ बाया टोपल्या घेऊन माथ्यावर जातात आणि जिंतूरच्या बाजारात विकतात. यंदा एकही बाई दिसली नाही. पाहुण्यांना सांगायला बरं, परिसर पूर्ण निर्मनुष्य.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

क्वाड बाइकसमोर पणत्या लावल्या. एकाही पाहुण्याने फटाका वाजवला नाही. बिबट्या बिथरेल म्हणून. मी वाजवला नाही कारण मला फटाके आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत. कानाचा प्रश्न.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

महारुद्र ओवाळून घ्यायला आला. पाटावर बसल्या बसल्या म्हणाला, दाजी, लोक विचारायलेत, बिबट्यापर्यंत कधी नेणार? वळणापाशी थांबून काय करायचं? आता माथ्यावर 'लेपर्ड पॉइंट' करू. ३१ तारखेला तुमी पहिली राईड वरपर्यंत घ्या. फोटोवाला बोलावतो.

रुख्मिणीने त्याला ओवाळलं. तिने पेढा माझ्यापुढे धरला. मी तो खिशात ठेवला.

महारुद्रला म्हणालो, बिबट्या असताना पाहुण्यांना तिकडे न्यायचं? हे बेकायदेशीर आहे. तो म्हणाला, म्हणूनच तुमी पुढं राहायचं, तुमाला त्याची सवय हाय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

कस्तुराबाई आली. सत्तरीची असेल. अकरा शेळ्या, हातात काठी, पायात रबरी चपला. सकाळी मी गाडीवर बसून (इंजिन बंद) चिंतन करत होतो. ती समोर उभी राहिली. म्हणाली, लेकरा, एक सांग. आमच्या बाया तुझ्या बिबट्याच्या पायी वर जायना गेल्यात. सीताफळं झाडालाच फुटायलीत. चार दिवसांनी हाती काही लागायचं न्हाई. तू तुझ्या डोळ्यानं पाहिलास का त्याला?

मी म्हणालो, मावशी, परिस्थिती गंभीर आहे.

ती म्हणाली, तसं न्हाई. डोळ्यानं पाहिलास का? हो का न्हाई?

तिने माझ्या तोंडाकडे इतकं निवांत पाहिलं की मी हँडलवरची धूळ पुसायला लागलो. नाही म्हटलं असतं तर प्रश्न सुटला असता. पण मग तिने विचारलं असतं, मग वळणापाशी का थांबतोस?  तेव्हा हो म्हणालो. वर हेही म्हणालो की अंगावर ठिपके होते.

ती बरं म्हणाली आणि शेळ्या घेऊन खाली गेली.  वाईट वाटलं. पण सीताफळं दरवर्षी येतात.

२५ ऑक्टोबर.

वाईट वाटणं कमी झालेलं नाही. संकल्प: पुढच्या वर्षी बायांना मोफत राईड. टाकीपर्यंत.

२६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी साडेपाच.

शेवटच्या राईडचे पाहुणे पुढे खाली गेले, मी एकटाच मागून येत होतो. टाकीपाशी झुडपात खसखस. थांबलो. आवाजही थांबला. गाडी पुढे घेतली. परत खसखस. मी थांबलो की तो थांबतो. हे चांगलं लक्षण नाही.

बिबट्या मीच तयार केला हे मला माहीत आहे. पण हे बिबट्याला माहीत आहे का?

एवढ्यात दोन डोळे. मी गाडी तिथेच टाकली. चालू. आणि पळालो. चिखलात एक चप्पल राहिली. स्वयंपाकघरात शिरून दार लावलं, वर पिठाचा डबा लोटला. रुख्मिणीने विचारलं काय झालं.  मी बोटानेच ठिपके दाखवले.

सिद्धोधन जाऊन गाडी घेऊन आला. चप्पलही. म्हणाला, सर, वाडीतल्या कडूबाईचं कुत्रं हाय, व्यालंय तिथं झुडपात.

असेल. पण कुत्रं असलं म्हणून बिबट्या नाही असं थोडंच. उलट बिबट्याला कुत्रं आवडतं. मोबाइलवर वाचलं. हे वाचायला नको होतं.

२७ ऑक्टोबर.

टाकीपाशी पंजाचा ठसा! स्पष्ट. चार बोटं. फोटो काढला. जिंतूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मी आधीच सांगितलं होतं.' एकशे चाळीस लोकांनी अंगठा दिला.

खरं सांगायचं तर भयंकर समाधान वाटलं. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. फक्त थोडं आधी बोललो होतो. कस्तुराबाईकडे जाऊन फोटो दाखवावा असं मनात आलं. मग अंधार पडला आणि दार उघडावंसं वाटेना.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.

फोटो कुणीतरी वन विभागाला पाठवला. सकाळी वनरक्षक रेणुका मॅडम मोटरसायकलवर आल्या. तिशीच्या असतील. खाकी गणवेश, पायात बूट, कमरेला वही. त्यांनी फोटो पाहिला, मोठा केला, परत पाहिला. म्हणाल्या, नखं उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. हे कुत्रं आहे.

मी म्हणालो, म्हातारा बिबट्या असेल, नखं आत जात नसतील.

 त्या म्हणाल्या, बरं. पण तुम्ही ठसा नाही, बिबट्या पाहिलाय ना? गावात सगळे तेच सांगतात. ठिपक्यांसकट. मग पंचनामा करावा लागेल. शुक्रवारी ३१ ला येते. तुम्ही जागा दाखवायची. पंच घेऊ गावातले.

मी म्हणालो, इथेच व्हरांड्यात करू. खुर्च्या आहेत, चहा आहे. मी कागदावर नकाशा काढून देतो. त्या म्हणाल्या, स्थळ पंचनामा स्थळावर होतो. मी म्हणालो, स्थळ इथून दिसतं. हात लांब करून दाखवतो. त्या म्हणाल्या, हात लांब करून पंचनामा होत नाही, तात्याराव.

महारुद्र मागे उभा होता. तो आनंदाने थुईथुई नाचत होता. दाजी, त्याच दिवशी आपलं ओपनिंग! सरकारी पंचनामा, फोटोवाला, सगळं एकदमच.

माझं धाबं दणाणलं. बीपी असावं. तपासायला मशीन नाही.

२९ ऑक्टोबर.

उपाय क्र. १. ताप. थर्मामीटर चहाच्या कपात ठेवला. १०८ आला. रुख्मिणीने पाहिला, झटकला आणि म्हणाली, तुमी मेला असता.

उपाय क्र. २. पंचांग. ३१ ला सकाळी राहुकाळ आहे. फोन केला. रेणुका मॅडम म्हणाल्या, दुपारी बाराला येते.

उपाय क्र. ३. सिद्धोधनला म्हणालो, गाड्यांचं सर्व्हिसिंग राहिलंय, चारही खोल. त्याने हात पुसले. मग जवळ येऊन म्हणाला, सर, तुमाला वळणाचं भेव वाटत असंल तर मला सांगा. मी कुणाला सांगणार न्हाई. मी पुढं राहतो.

काय उद्धटपणा! चीफ गाईडशी बोलायची ही पद्धत? पण आवाज फार हळू होता. मी त्याला म्हणालो, भीती हा शब्द माझ्या डिक्शनरीत नाही. तो बरं सर म्हणाला आणि सर्व्हिसिंग न करता गेला.

चूक केली का? नाही. बहुतेक नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार.

प्लॅन. उद्या तिसऱ्या वळणापाशी गाडी थांबवायची नाही. थांबलं की विचार येतात. डोळे सरळ पुढे, अंगठा दाबायचा, मनात एक ते वीस मोजायचे. वीस म्हणेपर्यंत पलीकडे. एकदम सोपं. सात फूट रस्ता, चार फूट गाडी. ट्रकवाले याहून अरुंद फाटकातून काट्यावर यायचे, आणि मी खिडकीत बसून त्यांना म्हणायचो, या, या, भरपूर जागा आहे.

मोजायची प्रॅक्टिस केली. अकराच्या पुढे हातपाय गार पडतात. पण आकडे बरोबर येतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळ.

लिहून काढतो. सगळं जसं झालं तसं.

बाराला निघालो. मी पहिल्या गाडीवर, एकटा. दुसऱ्या गाडीवर सिद्धोधन, त्याच्या पाठीमागे बसलेल्या रेणुका मॅडम. तिसऱ्या गाडीवर महारुद्र आणि फोटोवाला. त्यांच्या मागे पायी अर्धं गाव. दोन पंच, सगुणाबाई सरपंच, रुख्मिणी हातात पळी तशीच घेऊन आलेली, आणि अगदी शेवटी वाडीतल्या बाया. सगळ्यांच्या डोक्यावर रिकाम्या टोपल्या. पंचनामा झाला आणि वाट मोकळी म्हटलं तर लगेच वर जायचं म्हणून. उरलेली फळं तरी काढू म्हणून.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसरं आलं. मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चारला उजवीकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं. खाली पाणी होतं, आणि पाण्यात एक होडी होती, आणि ती नखाएवढी होती.

अंगठा सुटला. यावेळी आपोआप सुटला.

गाडी वळणाच्या बरोबर मध्ये उभी. माझे दोन्ही हात ब्रेकवर. सोडवेनात. मागच्या गाड्यांना पुढे जायला जागा नाही. मॅडम म्हणाल्या, तात्याराव, पुढे घ्या. महारुद्र म्हणाला, दाजी, घ्या ना, ऊन व्हायलंय. फोटोवाला म्हणाला, काका, मान वर करा. मी काहीच केलं नाही. डोळे मिटून घेतले. पाय लटपटत होते आणि गाडीचा पत्रा त्यांच्याबरोबर वाजत होता. तो आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. किती वेळ गेला माहीत नाही. 

मग चपलांचा आवाज. डोळे किलकिले केले. कस्तुराबाई. गाडीच्या उजव्या बाजूने आली. काठावरून! त्या उरलेल्या दोन-तीन फुटांवरून, डोक्यावर टोपली घेऊन.  ती माझ्याजवळ थांबली, वाकली, आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, लेकरा, भेव वाटायलंय का?

मी म्हणालो, हो.

बिबट्याचं का वळणाचं?

वळणाचं.

बिबट्या पाहिलास का?

नाही मावशी. माफ करा. मला फार भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते.

हे मी एवढ्या हळू बोललो, पण डोंगरात आवाज फिरतो. मागे कुणीतरी खोकलं. कस्तुराबाई रागावेल, शिव्या देईल असं वाटलं. तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मागे वळून ओरडली, चला गं बायांनो, बिबट्या-फिबट्या काही न्हाई. हे लेकरू भ्यालंय.

बाया आल्या. एकामागे एक, काठावरून, टोपल्या सावरत, गप्पा मारत. प्रत्येक जण माझ्याकडे बघून गेली. एक जण म्हणाली, बसा, बसा, उठू नका. मग पलीकडून त्यांचा आवाज येत राहिला. बरीच सीताफळं सडली होती. त्या मोजत होत्या, हे गेलं, हेही गेलं. एकीचा आवाज बोलता बोलता बसला. ते ऐकणं वळणापेक्षा वाईट होतं.

रेणुका मॅडमनी पंचनामा तिथेच लिहिला. माझ्याच गाडीच्या पुढच्या कॅरिअरवर कागद ठेवून, कारण दुसरी सपाट जागा नव्हती आणि मी हलत नव्हतो. मग कायद्याप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. 'सदर ठिकाणी बिबट्याच्या अस्तित्वाची कोणतीही खूण आढळून आली नाही. माहिती देणार तात्याराव यांनी पंचांसमक्ष सांगितले की त्यांनी बिबट्या पाहिलेला नाही. त्यांना सदर वळणाची भीती वाटते. पंचनामा वाचून दाखविला, तो बरोबर आहे.'

पंचांनी सह्या केल्या. मग मी. उजवा हात ब्रेकवरून सुटत नव्हता. सिद्धोधनने एकेक बोट उचलून सोडवला.  सही वाकडी आली, पण माझीच आहे.

गाडी त्याने खाली नेली. मी चालत आलो. कस्तुराबाईचा हात धरून. तिच्या दुसऱ्या हातात अर्धी टोपली होती. मी तीन वेळा म्हणालो, सोडू नका हां. तिने नाही सोडला.

१ नोव्हेंबर, शनिवार.

सिद्धोधन हेड गाईड. सकाळी सगळ्यांसमोर महारुद्रने सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, दाजी, तुमी रिसेप्शनला बसा. तिथं खुर्ची हाय. पक्की हाय, हलत न्हाई. पेंटर येऊन बिबट्यावर पांढरा रंग मारून गेला. रंगाच्या एका हातात तो दिसेनासा झाला नाही, दुसरा हात उद्या.

दुपारी वाडीत गेलो. बायांची माफी मागितली. त्यांनी बसायला पोतं टाकलं.  उरलेली सीताफळं रिसॉर्टने घ्यायची असं महारुद्रला सांगितलंय. रुख्मिणी रबडी करणार.

प्लॅन काही नाही.

संध्याकाळी रुख्मिणी सीताफळाच्या बिया काढत बसली होती. शेजारी बसलो. म्हणालो, मला भीती वाटते गं. क्वाड बाइकची. उंचीची. आवाजाची. खरं तर बऱ्याच गोष्टींची. तुला सांगायचं राहून गेलं.

ती बिया काढतच राहिली. म्हणाली, मला ठाऊक हाय की. लग्नाच्या दिवशीपासून. तुमच्या परण्याची वरात मारुतीच्या देवळापासनं निघाली तवा मी माडीच्या खिडकीत होते. सनई वाजायली, पोरं नाचायलेत, घोडं सजवलेलं मोकळंच पुढं, अन् नवरदेव बाशिंग सावरत पायी मागं. सगळ्या बाया हसल्या. मी म्हटलं, असू दे, माझ्याकडं तर यायलाय.

चोवीस वर्षं मला वाटत होतं, घोडा लंगडत होता हे सगळ्यांना पटलं होतं.